खोल्यांची मालकीण कोण?

(निघोजे, ता. खेड येथे बचत गटांच्या एकत्रित बैठकीत केलेले भाषण)



"दोन-चार खोल्या बांधून भाड्याने द्यायच्या आहेत, सुरुवात कुठून करायची?" असा प्रश्न तुमच्या गटांनी आधीच कळवला होता. मला तो फार मोलाचा वाटला. आपल्या संघटनांमध्ये मजुरीवर, मारहाणीवर आपण पोटतिडकीने बोलतो. मालमत्तेचा विषय निघाला की मात्र संकोचतो. पण ज्या बाईच्या नावावर छप्पर नाही, तिला मारहाणीविरुद्ध तोंड उघडतानाही दहादा विचार करावा लागतो. म्हणून आज पैशाबद्दल सरळ बोलू.

या पट्ट्यात काय घडलं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. एमआयडीसी आली, जमिनी संपादनात गेल्या. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा, २०१० मध्ये महिंद्राचा कारखाना सुरू झाला. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेशातून कामगार आले. कारखान्याने त्यांना काम दिलं, घर दिलं नाही. घर तुम्ही दिलंत. कुणी भरपाईच्या पैशातून, कुणी कर्ज काढून, गोठ्याच्या जागी खोल्या बांधल्या.

आता मला सांगा, या खोल्या चालवतं कोण? पहाटे मोटार कोण लावतं? टँकर कोण मागवतं? संडास तुंबला तर माणूस कोण शोधतं? भाडं थकलं की पाच वेळा दार कोण वाजवतं? सगळं तुम्हीच. आणि भाडेकरूला "मालक कोण?" असं विचारलं, तर तो तुमच्या नवऱ्याचं नाव सांगतो. तुम्ही मात्र "मालकांच्या घरच्या".

हे नवं नाही. मुंबईच्या गिरणगावात हजारो बायका गिरणी कामगारांना जेवू घालत. खाणावळीवर घर चालायचं, तरी त्याला कुणी धंदा म्हणत नव्हतं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकांची कर्जं त्या बायकांच्या स्वतःच्या नावावर मिळवून दिली, तेव्हा कुठे त्या उद्योजक ठरल्या. काम तेच होतं, फक्त कागदावर नाव आलं होतं.

म्हणून माझं पहिलं उत्तर हे: विटा घेण्याआधी कागद बघा. ज्या जागेवर खोल्या उठणार ती कुणाच्या नावावर आहे? सातबारा काढा, ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढा, बांधकामाला परवानगी आहे का ते विचारा. पती-पत्नी दोघांच्या नावाने घराची नोंद करण्याचं शासनाचं धोरण २००३ पासून आहे. त्यासाठी अर्ज करा. पण एवढ्यावर थांबू नका. नमुना ८ ही घरपट्टीची नोंद, तो मालकीचा दस्त नव्हे. मालकी येते नोंदणीकृत खरेदीखताने, बक्षीसपत्राने, वाटणीने किंवा वारसाने. नवऱ्याने राहतं घर बायकोला बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, अधिभार वेगळा. घरच्यांनी "खर्च फार येतो" म्हटलं, तर हा आकडा सांगा.

माहेरचंही बोलू. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने त्याही आल्या. वडील त्या दिवशी हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. तरी भरपाईचा धनादेश यायच्या सुमारास बहिणींना साडी-चोळी करून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. सही करायची की नाही हा तुमचा निर्णय. पण वाचून, किंमत समजून करा.

आमच्याकडे सल्ल्याला आलेल्या एका बाईने बारा वर्षं आठ खोल्या सांभाळल्या. नवरा वारला. तेराव्यानंतर दिराने भाडेकरूंना सांगितलं, "भाडं आता माझ्याकडे द्यायचं." घर सासऱ्याच्या नावावर, पावतीपुस्तक नव्हतं, भाडं रोख यायचं. विधवा म्हणून तिचा वारसाहक्क होता, पण बारा वर्षांच्या कष्टाचा एक चिठोराही तिच्याजवळ नव्हता.

दुसरं उत्तर हिशेबाचं. समजा, सहा खोल्या, प्रत्येकी चार हजार भाडं. वर्षाचे २,८८,००० झाले असं घरात सगळे म्हणतात. पण प्रत्येक खोली वर्षात दोन महिने रिकामी राहिली तर ४८,००० गेले. घरपट्टी, टँकर, मैला उपसणं, मोटार, रंग यांचे ६०,००० धरा. कर्जाचा हप्ता महिना १२,००० असेल तर १,४४,००० गेले. उरले ३६,०००, म्हणजे महिन्याला तीन हजार. त्यात तुमच्या पहाटेच्या उठण्याची मजुरी धरलेलीच नाही! आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. हिशेब जुळला नाही तर दोनच खोल्या बांधा. आणि एक गोष्ट कटाक्षाने टाळा: गटाचं कर्ज तुमच्या नावावर, हप्ता तुमच्या घामाचा आणि खोली दुसऱ्याच्या नावावर.

तिसरं, भाडं तुमच्या बँक खात्यात घ्या, रोख घेतलंत तर पावती द्या. करार लेखी करा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने लेखी करार आणि त्याची नोंदणी ही जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा गैरसमज आहे. अनामत किती, वीज कोणत्या मीटरवर, खोली सोडताना किती दिवस आधी सांगायचं, सगळं लिहा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या. जागा अजून तुमच्या नावावर नसेल, तर निदान मालकाकडून नोंदणीकृत मुखत्यारपत्र घ्या आणि करारावर तुमची सही येऊ द्या.

आता जरा कडू बोलते. मालकीण झाल्यावर आपण कशा वागणार? कारखान्यात काम करणाऱ्या एकट्या मुलींना "फॅमिलीलाच देतो" म्हणून परत पाठवणाऱ्या बायकाच असतात. जात विचारून खोली नाकारणाऱ्याही असतात. भाडं थकलं म्हणून पाणी तोडणाऱ्याही असतात. सत्ता हातात आली की ती सासूसारखी वापरायची, की वेगळी, हे आपल्याला ठरवावं लागेल.

खोलीतल्या मारहाणीचा आवाज सगळ्यांत आधी मालकिणीला ऐकू येतो. भाडेकरू नवरा बायकोला टाकून गेला आणि "खोली सोडली" असा फोन त्याने केला, तर लगेच कुलूप घालू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात भाड्याचं घरही सामायिक घर धरलं आहे, मग करार एकट्या नवऱ्याच्या नावावर का असेना. तिला संरक्षण अधिकाऱ्याकडे जायला सांगा, तोवर आसरा द्या.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने तीन कागद आणायचे: घराचा नमुना ८, जमिनीचा सातबारा आणि गेल्या वर्षाचा भाड्याचा हिशेब. हिशेब वहीत नसेल तर आज रात्रीपासून लिहायला लागा. कागदांवर कुणाचं नाव आहे ते एकत्र बसून वाचू, आणि पहिला अर्ज तिथेच लिहू.