ट्रेलर ओढताय? गिअरबॉक्सच्या ऑइलकडे बघा

आज गाडीबद्दल बोलायचंय. आधीच सांगतो, मी ट्रक म्हणेन तेव्हा हायवेवरचा दहाचाकी डोळ्यांसमोर आणू नका. इथे अमेरिकेत मागे उघडा हौदा असलेल्या पिकअपलाच ट्रक म्हणतात. आम्ही कोलोरॅडोत राहतो. दोन वर्षांपूर्वी मी एक वापरलेला पिकअप घेतला आणि एक छोटा कॅम्पर, म्हणजे चाकांवरची खोलीच. गाडीला मागे हुक होता, तेवढं बघून मी खूश. हुक आहे म्हणजे ओढणारच ना!

जुलैमध्ये फिरून डेन्व्हरला परत येत होतो. सिल्व्हरथॉर्न सोडलं की आय-७० हायवे आयझेनहॉवर बोगद्याकडे सरळ चढत जातो. चढ ७ टक्क्यांपर्यंत, बोगदा ११,००० फुटांच्या वर. हवा विरळ, इंजिनला आधीच धाप. गिअर सारखा वर-खाली होतोय, मागे मुलगी झोपलेली. आणि एकदम जळका वास. डॅशबोर्डवरचा इंजिनचा काटा मात्र एकदम शहाण्यासारखा मधोमध!

मित्राने दिलेला एक ओबीडी डोंगल गाडीत होता. बायकोने तो लावून मोबाईलवर ॲप उघडलं. गिअरबॉक्सच्या ऑइलचं तापमान २५२ फॅरनहाइट, म्हणजे १२२ सेल्सिअस. साधारण १७५ ते २०० फॅरनहाइटमध्ये ते असायला हवं. गाडी कडेला घेतली. इंजिन बंद नाही केलं, पार्कमध्ये टाकून चालूच ठेवलं, कारण पंप फिरला तरच ऑइल कूलरमधून फिरतं. पाऊण तास तसेच बसलो.

आता हे होतं का, ते बघू. आपल्याकडे कसारा घाटात मालाचा ट्रक चढतो, तो बहुतेक मॅन्युअल. क्लच एकदा धरला की घसरत नाही. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. आत ऑइल, एक पंखा ऑइल ढकलतो, दुसरा त्या जोरावर फिरतो. मैदानात तो लॉक होतो, मग उष्णता फारशी नाही. पण जड ट्रेलर, चढ आणि कमी वेग असला की लॉक सुटतो, पंखे घसरतात आणि ती सगळी घसरण उष्णता होऊन ऑइलमध्ये जाते. ऑइल करपलं की आतल्या क्लचच्या चकत्या जायला लागतात.

कंपनीने रेडिएटरच्या आतच एक छोटा कूलर दिलेला असतो. रोजच्या वापराला तो पुरतो. ओढायला बरेचदा नाही. माझ्या गाडीला फक्त हुक होता, टोइंगचं बाकी सामान नव्हतंच. हे मला विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दोघांची चूक, पण बिल माझं.

मग जादा कूलर बसवला. पत्र्याच्या थरांचा घ्या; नुसती वाकवलेली नळी आणि पंख असलेला स्वस्त मिळतो, पण तेवढ्याच जागेत तो कमी थंड करतो. जागा रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरच्या पुढे, जिथे समोरची हवा लागते. सोबत प्लास्टिकचे दांडे येतात, जाळीतून आरपार घालून बांधायचे. ते वापरू नका! घासून घासून रेडिएटरलाच भोक पडतं. लोखंडी पट्ट्या लावून बॉडीला बोल्ट करा.

गिअरबॉक्समधून ऑइल आधी रेडिएटरमधल्या कूलरमध्ये, तिथून नव्या कूलरमध्ये, मग परत, असा रस्ता. रेडिएटर वगळू नका, विशेषतः बर्फाच्या गावात. थंडीत तोच ऑइल लवकर गरम करतो आणि फार गार ऑइलही चांगलं नाही. पाइप ट्रान्समिशन ऑइलसाठीचाच घ्या, पेट्रोलचा नको. शेवटी ऑइल टाका, कंपनीने सांगितलेलंच, आणि पातळी त्यांनी दिलेल्या तापमानाला तपासा. दुसऱ्या दिवशी खाली गळती आहे का बघा. मी विसरलो होतो, एक क्लॅम्प ढिला निघाला.

पण कूलर लावला म्हणून गाडी जास्त वजन ओढत नाही हं. ओढायची मर्यादा कंपनीने लिहिलीय तीच. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हुकावर येतो, तो दारावरच्या स्टिकरमधल्या वजनात मोजायचा, सोबत आपण माणसं, सामानही. आणि चढावर टो-हॉल बटण दाबा, खालचा गिअर धरा. आवाज वाढू दे.

या उन्हाळ्यात त्याच चढावर गेलो. २१० च्या वर गेलं नाही. पण दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना गाडी अजूनही किंचित घसरते. नवं ऑइल टाकूनही. गॅरेजवाला म्हणाला, त्या पाऊण तासाआधी जे जळायचं ते जळून गेलंय. सप्टेंबरमध्ये कॅम्पर घेऊन जायचं बुकिंग आहे, आणि बायको रोज विचारते, नेणार आहेस का?