सोनकी कोणती, खुरासणी कोणती?

(आकाशवाणीवरील भाषण)

गणपती गावाला गेले की कुसगावच्या वरच्या अंगाचे डोंगर पिवळे दिसायला लागतात. लोणावळ्याकडून पुण्याला येताना हा पिवळा रंग द्रुतगती मार्गावरूनही नजरेत भरतो. मग जिथे थांबायला मनाई आहे तिथेही गाड्या थांबतात, फोन बाहेर निघतात आणि एकच नाव कानावर येतं, सोनकी. त्या पिवळ्यात सोनकी असतेच. पण वरकस जमिनीत शेतकऱ्यानं पेरलेली खुरासणी असते, ओलसर गवतात कवला असतो आणि बंगल्याच्या बागेतून निसटून रस्त्याकडेला आलेला कॉसमॉसही असतो. चौघांना एकच नाव देणं हा चौघांवरही अन्यायच.

कवल्याचा निकाल आधी लावू. त्याचं घराणंच वेगळं, वाल-वाटाण्याचं. पाकळ्या सारख्या नसतात, काही जातींत त्यांवर लाल ठिपके असतात आणि पानं बारीक. पावसाळ्याच्या सुरुवातीला ज्याची कोवळी भाजी खातात तो हाच कवला. एकदा निरखून पाहिलात की पुन्हा चुकणार नाही.

उरलेली तिघं मात्र एकाच कुळातली आहेत, सूर्यफुलाच्या. जगात या कुळाच्या पंचवीस हजारांवर जाती आहेत. झेंडू, शेवंती, बाजारातला ॲस्टर, माका, एकदांडी, गाजर गवत, सगळी इथलीच. या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो खरं तर पुष्कळ छोट्या फुलांचा गुच्छ असतो. कडेची प्रत्येक पिवळी पट्टी हे एक फूल आणि मधल्या गोलातला प्रत्येक ठिपका हेही एक फूल. समोरून पाहिलं की सगळी सारखीच दिसतात. ओळख पटते ती मागून. म्हणून या कुळातलं फूल हाती आलं की मी आधी ते उलटं करतो.

सोनकीचं फूल उलटं धरा. खाली हिरवी वाटी दिसेल. ती अरुंद हिरव्या पट्ट्यांची बनलेली असते. या पट्ट्या एकाच ओळीत, एकमेकींना खेटून, जवळपास सारख्या उंचीच्या उभ्या असतात. फार तर बुडाशी एखाददुसरी चिमुकली पट्टी. आता खुरासणीचं फूल उलटं धरा. बाहेरच्या बाजूला पाच रुंद, हिरवी, पानांसारखी दलं दिसतील आणि त्यांच्या आत दुसरी, पातळ ओळ. एवढ्यावरच निम्मं भांडण मिटतं. तरी शंका राहिलीच तर गळून पडलेलं एखादं फूल घ्या आणि नखानं मधोमध उकला. खुरासणीत प्रत्येक बारीक फुलाच्या कुशीत कागदासारखा पातळ पापुद्रा सापडतो. सोनकीत असा पापुद्रा नसतो, फुलं काढली की खालची बैठक मोकळी राहते. दहापट मोठं दाखवणारं भिंग जवळ असेल तर हे पाहण्यात वेळ कसा जातो ते कळत नाही.

पानं त्याहून सोपी. सोनकीचं पान दातेरी कडेचं आणि देठावर एकाआड एक. खुरासणीची पानं बहुतेक समोरासमोर, शेंड्याकडची तेवढी कधी सुटी होतात. कॉसमॉसचीही समोरासमोरच, पण ती खोल चिरलेली असतात. शिवाय त्याच्या लांबट बियांच्या टोकाला बारीक काटे असतात, ते पायजम्याला चिकटून घरापर्यंत येतात. हा कॉसमॉस मूळचा मेक्सिकोकडचा. हल्ली पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर तो जोमानं पसरला आहे आणि लोक त्याच्यासोबतही हौसेनं फोटो काढतात. माझं मत विचाराल तर माळावर कॉसमॉस फुललेला पाहून आनंद मानण्यासारखं काही नाही. तिथे आधी काही तरी वाढत होतं.

निळ्या-जांभळ्यांत असाच एक घोळ आहे. सहदेवी म्हणून लोक दोन झाडं दाखवतात. खऱ्या सहदेवीची पानं एकाआड एक आणि फूल सरलं की पांढरी म्हातारी उडते. दुसरी ओसाडी. तिची पानं बरीचशी समोरासमोर, लवदार, चुरडली की उग्र वास येतो. भिंगाखाली तिच्या बीच्या डोक्यावर पाच टोकदार खवले दिसतात, केसांचा झुबका नसतो. ही मूळची अमेरिकेतली. औषध म्हणून पाला तोडणाऱ्यांनी तरी हा फरक पाहायलाच हवा.

आपल्या या पट्ट्यात झाडं ओळखण्याचं हे काम जुनं आहे. मुंबईच्या टपाल खात्यातले अधिकारी जॉन ग्रॅहम यांनी मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची यादी केली. ती १८३९ मध्ये छापली गेली आणि त्याच वर्षी ते खंडाळ्यात वारले. पुढे मुंबईच्या झेवियर कॉलेजातले फादर सांतापाव खंडाळ्याचे डोंगर पायी हिंडले आणि १९५३ मध्ये एकट्या खंडाळ्याच्या वनस्पतींवर त्यांचं पुस्तक आलं. रविवारच्या सहलीचं ठिकाण त्यांच्यासाठी एका आख्ख्या ग्रंथाचा विषय होतं. शास्त्रात नावं मात्र बदलत राहतात. जुन्या पुस्तकांत सोनकी सेनेशिओ ग्रॅहमी म्हणून सापडेल, नव्यांत सेनेशिओ बॉम्बेएन्सिस म्हणून. झाड तेच.

अमेरिकेतही हीच गत. तिथल्या रानटी ॲस्टरांना १९९४ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ गाय नेसम यांनी ॲस्टर या प्रजातीतून बाहेर काढलं. त्यामुळे न्यू जर्सीतल्या मराठी घरांना दसऱ्याच्या सुमारास रस्त्याकडेला दिसणारी जांभळी फुलं पुस्तकात आता सिम्फिओट्रायकम या नावाखाली शोधावी लागतात. त्यांत दोन जाती अगदी सारख्या. न्यू इंग्लंड ॲस्टरची वाटी चिकट, ग्रंथींनी भरलेली, पानं देठाला मिठी मारणारी आणि कडेच्या पट्ट्या पन्नासच्या आसपास किंवा जास्त. न्यूयॉर्क ॲस्टरला हा चिकटपणा नाही आणि पट्ट्याही कमी. म्हणजे तिथेही फूल उलटंच करावं लागतं.

येत्या रविवारी कुसगावकडे किंवा पुढे लोहगड-विसापूरला जाणार असाल तर एक विनंती. फूल तोडू नका. एक फोटो समोरून काढा, एक मागून, वाटीचा आणि एक पान देठाला जिथे जुळतं तिथला. एवढ्या तीन फोटोंवर जाणकार माणूस तुम्हाला बहुतेक वेळा नाव सांगू शकेल. नुसत्या समोरच्या फोटोवर तोही अडेल. आणि पिवळ्या फुलांत उभं राहून फोटो काढण्याआधी पायाखाली बघा. पाच रुंद हिरवी दलं दिसली तर ती खुरासणी आहे, म्हणजे तुम्ही कुणाच्या तरी शेतात उभे आहात. ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो ते काळं कारळं याच फुलातून तयार होतं. तेव्हा बांधावरूनच बघा.