एंजिनाच्या तेलवाटा

खोपोलीहून लोणावळ्याकडे चढणारा बोरघाटाचा रस्ता १८३० सालीं गाड्यांच्या वाहतुकीस खुला झाला, आणि २००२ सालीं द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. रस्ते सुधारले, तरी घाटाचा चढ चुकला नाहीं. समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंचीवरील लोणावळ्यास पोहोंचेतों भरल्या मोटारीचें एंजिन मोठा ताण सोसतें. त्या ताणांत क्रँकशाफ्ट व त्याच्या बेअरिंगा यांमध्यें केसाहूनहि पातळ असा तेलाचा पापुद्रा असतो. तो आहे तोंवरच धातु धातूस घासत नाहीं.

हें तेल खालच्या चेंबरमधून जाळीवाटे पंपांत, पंपांतून फिल्टरमध्यें, आणि तेथून एंजिनाच्या पोटांत कोरलेल्या अरुंद वाटांनीं बेअरिंगांपर्यंत जातें.

एंजिन उघडून पुन्हां बांधतांना कांहीं जोडांवर सिलिकॉनचें सीलंट लावतात. तेल गळूं नये हा हेतु रास्तच. परंतु ‘थोडें जास्त असलेलें बरें’ ही समजूत येथें घातक ठरते. बोल्ट आवळतांच सीलंट जसें बाहेर येतें, तसेंच आंतहि शिरतें. बाहेरचें फडक्यानें पुसतां येतें; आंतलें कोणास दिसत नाहीं. तें रबरासारखें घट्ट होतें, पुढें तुटून जाळीवर बसतें किंवा वाटेंत अडकतें. फिल्टरच्या पलीकडे राहिलेल्या तुकड्यास तर अडविणारें कोणीच नसतें. मग मोजपट्टीवर तेल पुरेसें दिसत असूनहि बेअरिंग कोरडी पडते.

यावरील उपाय खर्चाचा नाहीं, धीराचा आहे. जुनें सीलंट खरवडतांना खरकागदी चकती फिरवूं नये. तिची भुकटीहि त्याच वाटांत शिरते. वाटांच्या तोंडचीं बुचें काढून लांब ब्रशानें त्या धुवाव्या व डोळ्यांना चष्मा लावून दाबाची हवा मारावी. एका तोंडानें घातलेला द्रव दुसऱ्या तोंडानें स्वच्छ बाहेर येईतों काम संपलें असें मानूं नये. जेथें कारखान्यानें गॅस्केट दिलें आहे, तेथें सीलंटची भर नको. जेथें सीलंटच सांगितलें आहे, तेथें सामान्यतः दोन-तीन मिलिमीटर जाडीची अखंड रेघ पुरते. तेलाच्या भोकांपासून ती दूर ठेवावी.

मावळांत आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. सिलिकॉन हवेंतील ओलाव्यानें घट्ट होतें. आषाढांतल्या लोणावळ्याच्या दमट हवेंत त्यावर साय लौकर धरते. म्हणून सीलंट लावून चहास जाऊं नये; भाग लगेच जोडावे, आणि नळीवर छापलेला अवधि सरल्यावरच तेल भरावें.

मोटार गॅरेजमध्यें देणाऱ्या गृहस्थानें चेंबर बंद होण्यापूर्वीं जाळी व जोड दाखविण्यास सांगावें. चांगल्या कारागिरास त्यांत अपमान वाटत नाहीं. आणि चालत्या मोटारींत तेलदाबाचा तांबडा दिवा लागलाच, तर ‘कामशेतपर्यंत तेवढी नेऊं’ असें म्हणूं नये. सुरक्षित जागा पाहून एंजिन तत्काळ बंद करावें. तेलावांचून चाललेलीं थोडीं मिनिटेंहि सबंध एंजिनाची किंमत घेतात, आणि भर घाटांत बंद पडलेली मोटार आंतल्या माणसांच्या जिवावर बेतूं शकते.