चौकोनी तळाची फौज

आज गेम्स वर्कशॉपबद्दल बोलूया. १९७५ साली लंडनमध्ये तीन मित्रांनी ही कंपनी काढली, तेव्हा ते बॅकगॅमनसारख्या खेळांचे लाकडी पट विकायचे. पुढे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' ब्रिटनमध्ये आणला. १९७९ मध्ये सिटाडेल मिनिएचर्स सुरू झाली, धातूचे बोटाएवढे सैनिक ओतायला. आता एवढे सैनिक खपवायचे तर निमित्त हवं ना? ते निमित्त म्हणजे १९८३ चा 'वॉरहॅमर'. यात एकदोन सैनिकांनी भागत नाही, अख्खी फौज लागते! १९८७ मध्ये त्याचा अंतराळातला भाऊ आला, 'वॉरहॅमर ४०,०००'. आज जास्त नाव त्याचंच.

पण मला गंमत वाटते ती २०१५ ची. कंपनीने जुन्या वॉरहॅमरचं जगच कथेत नष्ट केलं आणि 'एज ऑफ सिग्मार' आणला. जुने सैनिक रांगेत चिकटून उभे राहायचे, म्हणून त्यांचे तळ चौकोनी. नव्या खेळात तळ गोल. रात्री जागून, बारीक ब्रशने रंगवलेल्या फौजेचं आता काय करायचं? एकाने तर आपली फौज जाळून व्हिडिओ टाकला. बाकीचे जुन्याच नियमांनी खेळत राहिले. आम्ही इंजिनिअर लोक जुनं व्हर्जन बंद करतो ना, तेव्हा शिव्या का पडतात ते मला इथे कळलं.

२०२४ च्या जानेवारीत कंपनीने 'द ओल्ड वर्ल्ड' काढला. तेच जुनं जग, तळ पुन्हा चौकोनी.

माझ्याकडे सेकंडहँड घेतलेले बारा बुटके योद्धे आहेत. सात रंगवायचे राहिलेत.