घटप्रभेची उडी : गोकाकचा धबधबा

आंबोलीला उगम पावणारी हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज करत कर्नाटकात जाते आणि घटप्रभेला मिळते. म्हणजे बेळगाव जिल्ह्यात गोकाकच्या कड्यावरून कोसळणाऱ्या पाण्यात आपल्या आंबोलीचा पाऊसही असतो!

हा कडा वालुकाश्माचा, घोड्याच्या नालेसारखा वळलेला. सुमारे 52 मीटर उंचीवरून नदी खालच्या अरुंद, खडकाळ घळीत झेपावते. पावसाळ्यात गढूळ, तांबूस पाण्याचा गडगडाट दूरवर ऐकू येतो. उन्हाळ्यात मात्र धार रोडावते आणि खडकांचे थर उघडे पडतात. दगड पाहायचा असेल, तर तेव्हाच जावं.

काठावर चालुक्यकालीन शैलीचं महालिंगेश्वराचं मंदिर आहे. शेजारीच सूतगिरणी. याच पाण्याच्या जोरावर इथे 1887 मध्ये वीज तयार झाली. भारतातल्या जलविद्युतेच्या अगदी आरंभीच्या प्रयत्नांपैकी हा एक, आणि त्याची आठवण आपण फार कमी ठेवली आहे. नदीवर जुना झुलता पूलही आहे.

जुलै ते सप्टेंबर धबधबा भरात असतो. कडा निसरडा असतो, कठड्यापलीकडे जाऊ नका. आणि परतताना गोकाकचा करदंट, सुकामेवा, डिंक नि गुळाचा, जरूर घ्या.