आज काय विचारलंस?

(मंडळाच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात ज्यांच्या मुलांना चांगली नोकरी लागली ते पालक बोलतात. यंदा चिटणीसांनी आम्हाला विचारलं. आम्ही म्हणालो, "अहो, आमच्या मुलीला अजून कुठं काही लागलेलं नाही." ते म्हणाले, "म्हणूनच बोला." माइकसमोर एकच जण उभा आहे, पण बोलणार 'आम्ही' म्हणूनच. कारण ज्या चुकीबद्दल सांगायचं आहे, ती आम्ही नवरा-बायकोनं मिळून केली.

आपण काचीगुडा, कोठी, सुलतान बाजार भागातली माणसं. 1998 साली माधापूरला सायबर टॉवर्सचं उद्घाटन झालं, पंतप्रधान वाजपेयी आले होते. आमची पिढी तेव्हा पॉलिटेक्निकमध्ये होती. तिकडे तेव्हा सगळे खडक. आम्ही डिप्लोमा केला, अप्रेंटिसचं एक वर्ष काढलं आणि राज्य सरकारच्या पाटबंधारे खात्यात लागलो. तो खडकाचा भाग पुढं आमच्या घरात इतका शिरेल असं वाटलं नव्हतं.

आमची थोरली कॉम्प्युटर सायन्सच्या इंजिनिअरिंगला आहे. तिसऱ्या वर्षाला असताना कॉलेजात एक मोठी कंपनी आली. आधी कॉम्प्युटरवर परीक्षा, मग दोन मुलाखती, आणि उन्हाळ्याच्या आठ आठवड्यांच्या इंटर्नशिपसाठी तिची निवड झाली. घरी पेढे आले. स्टायपेंड तर होताच, पण आमचा सगळा डोळा पीपीओवर, म्हणजे प्री-प्लेसमेंट ऑफरवर. इंटर्नशिपमधलं काम पसंत पडलं तर कंपनी शेवटचं वर्ष संपायच्या आधीच नोकरीचा शब्द देते. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता डोळ्यांसमोर होता, म्हणून तो शब्द आम्हाला पेढ्यापेक्षा गोड वाटत होता.

मेच्या मधल्या आठवड्यात ती रुजू झाली. कोठीहून मेट्रो, अमीरपेटला बदलून रायदुर्गम, तिथून कंपनीची बस. पहिले तीन-चार दिवस लॅपटॉप, ओळखपत्र, गोपनीयतेच्या कागदावर सही, सुरक्षेचे नियम यात गेले. मग तिला एक मेंटर मिळाला, म्हणजे काम दाखवणारा अनुभवी इंजिनिअर, आणि तिच्या नावावर एक काम पडलं.

जायच्या आदल्या रात्री आम्ही तिला उपदेश केला होता. तिची आई म्हणाली, "सारखं हे कसं, ते कसं विचारत बसू नकोस. आपल्याला येत नाही असं त्यांना वाटायला नको." वडील म्हणून आम्ही त्यावर शिक्कामोर्तब केलं. आमच्या अप्रेंटिसच्या वर्षात एका साहेबांनी बजावलं होतं, की ज्याला कळत नाही त्यानं तोंड बंद ठेवावं. त्या एका वाक्यावर आम्ही वीसेक वर्षं नोकरी केली. आमच्याकडे लेखी शंका विचारली की ती फायलीत जाते, तिच्यावर शेरा येतो, आणि तो शेरा आपल्या बदलीनंतरही तिथंच राहतो. त्यामुळे गप्प राहणं हा आम्हाला शहाणपणा वाटत आला. तोच आम्ही डब्याबरोबर बांधून दिला.

आता तिचं काम काय होतं ते सांगतो. तिची त्या कागदावर सही आहे, म्हणून बारकावे सोडून देतो. कंपनीत येणाऱ्या तक्रारींची रोजची मोजदाद दोन ठिकाणी दिसायची आणि दोन्हींचे आकडे जुळत नव्हते. ते का जुळत नाहीत हे शोधायचं होतं.

त्यांच्याकडे रोज सकाळी पंधरा मिनिटांची बैठक असते, तिला स्टँड-अप म्हणतात. काल काय केलं, आज काय करणार आणि कुठं अडलं, एवढंच प्रत्येकानं सांगायचं. आमची मुलगी रोज सांगायची, "काम चालू आहे, अडचण काही नाही." आमच्या खात्याच्या अहवालात 'काम प्रगतिपथावर आहे' असं लिहितात ना, तेच हे! घरी मात्र रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दिवा चालू. जेवण कमी झालं. आम्हाला वाटलं, पोरगी मेहनत करतेय. शेजाऱ्यांना कौतुकानं सांगितलंही.

तिसरा आठवडा संपताना एका रात्री ती स्वयंपाकघरात येऊन रडली. म्हणाली, "आई, मला नाही जायचं उद्यापासून. मला काहीच येत नाही, आणि ते आता सगळ्यांना कळणार." त्या रात्री आम्ही घाबरलो. खरं सांगतो, पहिला विचार तिच्या जिवाचा यायला हवा होता, तो पीपीओचा आला. तिच्या आईनं मात्र सांभाळून घेतलं. ती म्हणाली, "उद्या एकदाच जा आणि त्या मेंटरला सरळ सांग की अडलंय. काय व्हायचं ते होऊ दे."

दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं. मेंटरनं खुर्ची ओढली आणि दहा मिनिटांत उलगडा झाला. तक्रारीची वेळ साठवली जात होती यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. आपली वेळ तिच्यापुढं साडेपाच तास. एक अहवाल आपल्या वेळेनं दिवस धरत होता, दुसरा यूटीसीनं. त्यामुळे आपल्याकडे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत आलेली प्रत्येक तक्रार दुसऱ्या अहवालात आदल्या दिवशी पडत होती. यूटीसी म्हणजे काय हे पोरीला पुस्तकातून माहीत होतं. तिथं वेळ कोणत्या प्रमाणानं ठेवली आहे, एवढंच तिला माहीत नव्हतं. ते कितीही हुशार माणसाला अंदाजानं कळत नाही. विचारावंच लागतं.

मेंटर रागावला नाही. तो एवढंच म्हणाला, "पहिल्या दिवशी का नाही विचारलंस? मला याचसाठी तर नेमलंय."

रात्री जेवताना तिनं हे सांगितलं आणि आमच्या तोंडून सहज निघून गेलं, "अगं, आमच्याकडे तर पावसाचा दिवसच सकाळी साडेआठला संपतो!" हवामान खात्याच्या पद्धतीप्रमाणे काल सकाळी साडेआठपासून आज सकाळी साडेआठपर्यंतचा पाऊस आजच्या तारखेला लिहितात. काल सकाळी दहाला पडलेली सर आजच्या आकड्यात येते. म्हणून कुणी पावसाचा आकडा सांगितला की आम्ही आधी विचारतो, दिवस कुठून कुठपर्यंत धरलाय?

ती घास हातात घेऊन बघत राहिली. म्हणाली, "बाबा, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

'तू विचारलं नाहीस' हे शब्द ओठांवर आले होते. ते गिळले. विचारू नको हे तिला कुणी शिकवलं होतं?

पुढचे पाच आठवडे तिनं चांगले काढले. तिनं लिहिलेल्या प्रोग्रामवर वरिष्ठ शेरे मारायचे, त्याला कोड रिव्ह्यू म्हणतात. पहिल्यांदा सतरा शेरे आले तेव्हा आमच्याच पोटात गोळा आला, पण ती म्हणाली, "बाबा, हा मेमो नाही, असंच शिकवतात." शेवटी तिचं काम कंपनीत वापरातही आलं. पण पीपीओ मिळाला नाही. शेवटच्या भेटीत तिला सांगण्यात आलं, की काम चांगलं आहे, पण पहिले तीन आठवडे तू काय करतेस ते आम्हाला दिसलंच नाही. कंपनीबद्दल आमची तक्रार नाही. ते तीन आठवडे आमच्या हिशेबात लिहा.

सध्या ती कॉलेजच्या कॅम्पस मुलाखती देते आहे. कुठं अडलात ते सांगा, असा प्रश्न आला की ती हीच साडेपाच तासांची गोष्ट सांगते, आपल्या गप्प राहण्यासकट. निकाल यायचे आहेत.

विद्यार्थ्यांना तिचाच निरोप सांगतो, ती आज परीक्षेमुळे आलेली नाही. एक, अडलं तर तासभर स्वतः झटा, मग विचारा. दोन, विचारताना काय करायचं होतं, काय करून पाहिलं आणि काय झालं, हे तीन ओळींत लिहून न्या. समोरच्याचा वेळ वाचतो, आणि लिहिता लिहिता निम्म्या वेळा उत्तर आपलं आपल्यालाच सापडतं. तीन, गिट वापरायला जायच्या आधीच शिका. चार, कंपनीचं काम स्वतःच्या लॅपटॉपवर किंवा बाहेरच्या एआयच्या खिडकीत परवानगीशिवाय टाकू नका. आणि इंटर्नशिप देतो म्हणून कुणी पैसे मागत असेल, तर तिथून उठून या. कामाला ठेवणारा पैसे देतो, घेत नाही.

पालकांना सांगायचं ते आमचं आहे. पोर संध्याकाळी दमून आलं की आम्ही रोज विचारायचो, "काय गं, पीपीओचं काही बोलले का?" धाकटा आता अकरावीत आहे. त्याला आम्ही वेगळा प्रश्न विचारतो, "आज काय विचारलंस?" पहिले काही दिवस तो खांदे उडवायचा. परवा त्यानं उलट आम्हालाच विचारलं, "बाबा, तुम्ही आज ऑफिसात काय विचारलंत?"

उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी खात्यात नवीन आलेल्या एका मुलाजवळ खुर्ची ओढून बसलो आणि म्हणालो, "हे नवीन सॉफ्टवेअर आम्हाला कळत नाही, जरा दाखवता का?" त्यानं दाखवलं. शेरा कुणी लिहिला नाही.

एवढंच सांगायचं होतं. गणपती बाप्पा मोरया!