घर आणि विद्यापीठ

घर कसे चालवावे हे शिकण्यासाठी विद्यापीठाची पायरी चढावी लागते काय? आजीच्या हाताखाली जे आपोआप अंगवळणी पडते, त्यासाठी पदवी कशाला? हा प्रश्न बहुधा थट्टेने विचारला जातो. परंतु तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही.

१९४७ च्या फाळणीनंतर कलकत्त्यास लागून असलेल्या डमडमच्या परिसरात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती उभ्या राहिल्या. जुने घर मागे राहिले आणि त्यातला गोतावळाही विखुरला. ज्यांनी कधी उंबरठा ओलांडला नव्हता, अशा कित्येक मुली कचेऱ्यांत आणि शाळांत नोकरी करून घर पोसू लागल्या. घराची घडीच अशी बदलली म्हणजे आजीचे शहाणपण अपुरे पडते, आणि कुटुंब हा अभ्यासाचा विषय होतो.

त्याच सुमारास देशाच्या दुसऱ्या टोकाला, गायकवाडांच्या बडोद्यात, या अभ्यासाला विद्यापीठाचे दार उघडले. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि हंसा मेहता यांच्या कुलगुरुपदाच्या काळात तेथे गृहविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा उभी राहिली. आहार, वस्त्रे, गृहव्यवस्था यांच्या जोडीला तीत बालविकासाचाही विभाग होता. विभागाची बालवाडी हीच त्याची प्रयोगशाळा. मूल कसे खेळते, कसे रुसते, बोलायला कसे शिकते, हे विद्यार्थिनी तेथे पाहत. परंतु मुलाकडे नीट पाहू लागले, की त्याच्या मागे आईबाप दिसतात, आईबापांच्या मागे घर, आणि घराच्या मागे समाज. विभागाचे नाव पुढे ‘मानवविकास आणि कुटुंब अध्ययन’ असे झाले, ते या वाटेनेच. कालांतराने विद्याशाखेच्या नावातही ‘गृह’ जाऊन ‘कुटुंब आणि समुदाय’ हे शब्द आले.

याच हंसाबाईंनी १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात, केवळ पुरुषांचा बोध होईल असा शब्द नको, ‘सर्व मानव’ असेच म्हटले पाहिजे, असा आग्रह धरला होता. विभागाच्या नावातील ‘मानव’ या शब्दाचा अर्थही तितकाच व्यापक असावयास हवा. संसार हा मुलींनीच शिकावयाचा विषय राहिला, तर बदलत्या घराचा भार एकट्या स्त्रीवरच पडेल. डमडमच्या कित्येक मुलींनी तो वाहिला : दिवसा कचेरी आणि रात्री चूल. त्या चुलीपाशी घरातला मुलगाही आपण होऊन बसेल, तेव्हा या विद्येचे सार्थक झाले असे मी म्हणेन.